भावाचा रिपोर्ट आणि पाण्याचा मोर्चा

आमच्या भागात कुणाला मूत्रपिंडाचा आजार झाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "खाऱ्या पाण्यानं किडनी गेली." अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेला हा खारपाणपट्टा. इथे बोअर मारली तर पाणी लागतं, पण त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि पिकाला दिलं तर जमीन खराब होते. तेच पाणी माणसं पीत आली. त्यामुळे हे वाक्य आम्हीही वर्षानुवर्षं बोललो. निवेदनांत लिहिलं, मोर्च्यात घोषणा म्हणून दिलं. मग आजार आमच्याच घरात आला आणि रिपोर्टवर कारण मात्र दुसरंच छापून आलं.

आम्ही म्हणजे आई, दोघी बहिणी आणि धाकटा भाऊ. वडील आठ वर्षांपूर्वी लकवा मारून गेले. आमच्यातली एक समाजकार्य करते, समाजशास्त्रात एम.ए. आहे, वस्त्यांवस्त्यांत आरोग्य शिबिरं भरवते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहोत त्यात सगळ्यात जास्त लाज तिच्याच वाट्याला येते. भावाला विचारून लिहीत आहोत. तो म्हणाला, "नाव नका टाकू, बाकी सगळं टाका."

भाऊ पोलीस भरतीची तयारी करत होता. पहाटे साडेचारला उठून मैदानावर सोळाशे मीटर, गोळाफेक, पुन्हा धावणं. २०१९ च्या पावसाळ्यात त्याचा घसा सुजला, ताप आला आणि दुसऱ्याच दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी झाली. आपल्याकडची कोणतीही आई जे म्हणेल तेच आई म्हणाली, "उन्हाळी लागली." धने-जिऱ्याचं पाणी झालं, सब्जा झाला. चार दिवसांत रंग निवळला. दोन वर्षांनी पुन्हा तसाच घसा, पुन्हा तसाच रंग. या वेळी तो एका खासगी डॉक्टरकडे गेला. लघवीत इन्फेक्शन आहे असं सांगून गोळ्या आणि एक इंजेक्शन मिळालं. लघवी तपासायला मात्र कुणी सांगितलं नाही. रंग आपोआप निवळणारच होता. श्रेय पहिल्यांदा सब्जाला गेलं, दुसऱ्यांदा इंजेक्शनला.

मधल्या काळात त्याच्या लघवीला फेस येत होता. त्याने तो पाहिला होता, पण घरात तिघी बायका. पंचविशीतला मुलगा आईला, बहिणींना काय सांगणार? शिवाय नडगी दुखायची म्हणून भरतीची बरीच पोरं खातात तशा दुखण्याच्या गोळ्या तो मेडिकलवरून आणून खात होता. चिठ्ठी कुणी मागत नाही.

आजार कळला तो आमच्याच शिबिरात. ६ डिसेंबर २०२३, महापरिनिर्वाण दिनाचं रक्तदान शिबिर, आमच्याच विहारात. रांगेत पहिला भाऊ. रक्तपेढीच्या माणसाने बी.पी. मोजलं, पट्टा सोडला, पाच मिनिटं बसवलं, पुन्हा मोजलं. १७०/११०. "दादा, तुमचं रक्त नाही घेता येणार. आधी डॉक्टरला दाखवा." रोज आठ-दहा किलोमीटर धावणाऱ्या, विडी-तंबाखूला न शिवणाऱ्या पोराचं बी.पी. १७०! आमच्यातल्या त्या समाजकार्यवालीने त्या दिवशी शंभरेक माणसांच्या नावांची नोंद केली होती. स्वतःच्या भावाचं बी.पी. तिने आयुष्यात कधी मोजून घेतलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात क्रिएटिनिन २.३ आलं. वयाचा हिशेब धरून मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता निघाली ३९. त्याच्या वयाच्या धडधाकट माणसाची शंभरच्या आसपास असते. चोवीस तासांच्या लघवीत प्रथिन दोन ग्रॅमच्या वर, आणि उघड्या डोळ्यांना न दिसणारं रक्त. नागपूरला जावं लागलं. तिथे सोनोग्राफीत पाहत पाठीतून सुई घालून मूत्रपिंडाचे दोन बारीक तुकडे काढले आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला उताणं झोपवून ठेवलं. आठ दिवसांनी कागद हातात आला : आयजीए नेफ्रोपॅथी.

हा आजार समजून घ्यायला आम्हाला काही महिने लागले. जे समजलं ते आमच्या शब्दांत सांगतो.

आपल्या घशात, नाकात, आतड्यांत एक ओलसर अस्तर असतं. बाहेरचे जंतू आधी तिथे येतात, म्हणून तिथे शरीर एक खास प्रकारचे रक्षक बनवतं. त्यांचं नाव आयजीए. या रक्षकांच्या अंगावर साखरेचे बारीक रेणू लटकलेले असतात. काही माणसांच्या शरीरात या साखरेतला एक घटक, गॅलॅक्टोज, कमी पडतो आणि रक्षक अर्धवट तयार होऊन रक्तात उतरतात. शरीराला ते ओळखीचे वाटत नाहीत, म्हणून शरीर त्यांच्याविरुद्ध दुसरे रक्षक तयार करतं. दोघांची झोंबाझोंबी होऊन गुठळीसारखे पुंजके बनतात आणि रक्तातून फिरत फिरत मूत्रपिंडाच्या गाळण्यांत जाऊन अडकतात. एका मूत्रपिंडात अशा साधारण दहा लाख गाळण्या असतात. पुंजका अडकला की तिथे सूज येते, गाळणीतून रक्तपेशी आणि प्रथिन गळायला लागतं. प्रथिन गळतं म्हणून फेस. सूज पुन्हा पुन्हा आली की व्रण पडतो, आणि व्रण पडलेली गाळणी परत कामाला येत नाही. घसा सुजला की रक्षकांची भरती जोरात होते, म्हणून एक-दोन दिवसांतच लघवीचा रंग बदलतो. भावाच्या बाबतीत २०१९ मध्ये हेच डोळ्यांसमोर घडत होतं आणि आम्ही त्याला सब्जा पाजत होतो.

१९६८ साली पॅरिसमध्ये झाँ बेर्जे आणि निकोल अँग्ले या दोघांनी हा आजार पहिल्यांदा नोंदवला. आधीही तो होताच, पण दिसत नव्हता. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली हे पुंजके ओळखता येत नाहीत. चमकणारा रंग लावून खास दिव्याखाली पाहिलं की ते उजळतात. त्या दोघांनी तसं पाहिलं म्हणून आजाराला नाव मिळालं. आजही रक्ताच्या कोणत्याही साध्या तपासणीने हा आजार पक्का होत नाही, मूत्रपिंडाचा तुकडाच काढावा लागतो. ही गोष्ट पुढे मोर्च्याच्या वेळी फार महत्त्वाची ठरली, म्हणून लक्षात ठेवा.

डॉक्टर सांगतात की नुसती साखर कमी पडून आजार होत नाही. रक्षक अर्धवट व्हावे लागतात, त्यांच्याविरुद्ध दुसरे तयार व्हावे लागतात, पुंजके बनावे लागतात, ते अडकावे लागतात. चार पायऱ्या. एक जरी चुकली तरी माणूस आयुष्यभर धडधाकट राहू शकतो. विहारात लहानपणापासून पटिच्चसमुप्पाद ऐकलेल्या आम्हाला हे समजायला जड गेलं नाही. जड गेलं ते नातेवाइकांना समजावणं. एक मावशी म्हणाली बाहेरचं असेल, एकाने कुठल्याशा बाबाचा पत्ता दिला. आईने त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. पण त्याच रात्री तिने आम्हाला हळूच विचारलं, "हा पोटात होता तवा म्या काही भलतं खाल्लं होतं काय?" दीक्षा घेतलेल्या घरातली बाई पाप-पुण्य मानत नाही, दोष मात्र स्वतःकडेच घेते. पुढच्या फेरीत आम्ही हा प्रश्न मुद्दाम डॉक्टरांना तिच्यासमोर विचारायला लावला. ते म्हणाले, "आई, तुमच्या खाण्यापिण्याने हे झालेलं नाही." ती तेव्हा कुठे नीट जेवली.

आणखी एक वर्ग आहे, शिकलेला. त्याच्याकडे बाबा नसतो, काढा असतो. "इम्युनिटी वाढवा, गुळवेल द्या." अहो, इथे प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, ती चुकीच्या दिशेने हात चालवते आहे! तिला आणखी ताकद देऊन काय करणार? करोनानंतर प्रतिकारशक्ती हा शब्द च्यवनप्राशच्या डब्यावर विकायचा माल झाला, त्याचा हा परिणाम.

आजारी माणसाचं समाजातलं काम काय, यावर टॅलकॉट पार्सन्स नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९५१ साली लिहून ठेवलंय. समाज आजाऱ्याला कामातून सूट देतो आणि बदल्यात त्याने लवकर बरं व्हायची धडपड करावी अशी अपेक्षा ठेवतो. एम.ए.च्या परीक्षेत यावर पानंच्या पानं लिहिली. भावाला यातलं काहीच लागू होत नाही. तो दिसायला ठणठणीत आहे, म्हणून सूट नाही. तो पूर्ण बरा होणार नाही, म्हणून धडपडीला शेवट नाही. मैदानावरची पोरं विचारतात, "काय बे, घाबरला काय भरतीले?" तो हसून वेळ मारून नेतो.

औषधं साधी आहेत. बी.पी. आणि प्रथिनाची गळती दोन्ही कमी करणारी टेल्मिसार्टन. दुसरी डापाग्लिफ्लोझिन, मुळात मधुमेहाची गोळी, पण मूत्रपिंडालाही जपते असं सिद्ध झालेली. तिचं एक पेटंट भारतात २०२० साली संपलं, देशी कंपन्यांनी ती बनवायला घेतली आणि किंमत उतरली. नाहीतर आम्हाला ती परवडली नसती. पेटंटचा कायदा हा आपल्या वस्तीचा विषय नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी यावर विचार करावा. काही महिने स्टेरॉईडही झालं. या आजारासाठीच बनवलेली, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात जाऊन विरघळणारी एक गोळी अमेरिकेत २०२१ च्या डिसेंबरमध्ये मंजूर झाली. तिची बातमी वाचून आम्ही फोन बंद केला. बाकी मीठ कमी, दुखण्याच्या गोळ्या कायमच्या बंद. व्रण भरून येत नाहीत. जे उरलंय ते टिकवायचं.

आई मात्र एकच म्हणते, "माही काढा अन् लावून द्या." सध्या तशी वेळ नाही. पण घरात तीन बायका, देऊ शकणाऱ्या तिघी आणि घेणारा एक पुरुष, हे चित्र आम्हाला ओळखीचं आहे. देशभरात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त. आमच्यातल्या कुणी ठामपणे "देते" म्हटलं तरी ते प्रेम किती आणि सवय किती, हे तिलाही सांगता येणार नाही. शिवाय नव्या मूत्रपिंडातही हा आजार परत येऊ शकतो. हे आईला अजून सांगितलेलं नाही.

आता मोर्च्याकडे येतो.

२० मार्च. १९२७ साली याच दिवशी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. पाण्याची लढाई काय असते हे आम्हाला कुणी शिकवायला नको. त्या दिवशी दरवर्षी आमच्याकडची कृती समिती गोड्या पाण्यासाठी तहसीलवर मोर्चा नेते. या वेळी निवेदनाला एक यादी जोडलेली होती, खाऱ्या पाण्यामुळे मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांची. चौथ्या क्रमांकावर आमचा भाऊ.

आम्ही समितीतल्या ज्येष्ठांकडे गेलो. लहानपणापासून आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांच्या हाताला धरून पहिला मोर्चा पाहिला. रिपोर्ट दाखवला.

"काका, याचं नाव काढा. त्याचा आजार पाण्यानं नाही झाला."

"अवं बाई, तहसीलदार काय रिपोर्ट वाचते? पोरगं तरणंताठं हाय, लोकांच्या काळजाला लागते."

"पण खोटं आहे ना ते."

"पाणी खारं हाय हे खोटं हाय काय?"

नाही, ते खोटं नाही. म्हणूनच प्रश्न अवघड होता. खरं सांगायचं तर तासभर आम्हालाही वाटलं, राहू द्यावं नाव. बिघडतं काय? मागणी रास्त आहे, माणसं खरोखर मरत आहेत, आणि सरकार कधी कुणाचं खरं ऐकून पाणी देतं? डॉक्टरही म्हणाले होते की खारं पाणी या आजाराचं कारण नसलं तरी मीठ त्याचा शत्रू आहे, पाण्यातून जाणारं मीठही बी.पी. वाढवू शकतं. म्हणजे पाण्याचा काहीच संबंध नाही असंही नव्हतं. एवढ्या आडोशाला उभं राहून गप्प बसता आलं असतं.

रात्री चौघं बसलो आणि बोलत गेलो तसं दुसरंच काहीतरी उघडं पडलं. यादीत एकवीस नावं. त्यातल्या किती जणांची बायॉप्सी झाली? एकट्या भावाची. बाकीचे दवाखान्यात पोहोचले तेव्हा मूत्रपिंडं आकसून गेलेली होती. अशा मूत्रपिंडात सुई घालत नाहीत, घालून उपयोगही नसतो. सरळ डायलिसिस. त्यांचा आजार पाण्याचा, मधुमेहाचा, दुखण्याच्या गोळ्यांचा, की भावासारखाच आयजीएचा, हे आता कधीच कुणाला कळणार नाही. सरकारच्या दप्तरात त्यांच्यापुढे कारणाची जागा कोरी आहे, आणि त्या कोऱ्या जागेत आम्ही "खारं पाणी" लिहितो, अधिकारी "व्यसन" लिहितो. दोघांकडेही पुरावा नाही. ज्या एका माणसाकडे पुरावा होता तो आम्हीच खोटा पाडायला निघालो होतो. आणि कुणी तो रिपोर्ट मागितलाच असता तर एका नावापायी बाकीची वीसही गेली असती.

आम्ही बाबासाहेबांचं नाव घेऊन लोकांना सांगतो, चिकित्सा करा, तपासल्याशिवाय काही मानू नका. हे फक्त दुसऱ्यांच्या देवांबद्दल सांगायचं का? स्वतःच्या घोषणा तपासायच्या नाहीत?

भाऊ शेवटी म्हणाला, "मी मोर्च्यात येतो. बोलतो पण. मात्र खरं बोलीन."

काकांना आवडलं नाही, पण त्यांनी त्याला माईक दिला, हेही नोंदवायला हवं. भाऊ दोनच मिनिटं बोलला. म्हणाला, माझा आजार पाण्यामुळे झालेला नाही, माझ्या शरीरातल्या संरक्षणाच्या चुकीमुळे झालाय. पण तो मला चार वर्षं कळला नाही, कारण माझी लघवी कुणी कधी तपासली नाही. तुमचीही तपासलेली नाही. पाणी मागा, आणि तपासणीही मागा. टाळ्या तुरळक पडल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "मंग इथं कायले आला?" एका कार्यकर्त्याने नंतर आम्हाला सुनावलं की तुम्ही शिकलेली माणसं चळवळीत फूट पाडता. त्याला आम्ही उत्तर दिलं नाही. आता देतो. त्या दिवशी मांडवात बसलेल्या बायकांपैकी तिघी भाषण संपल्यावर आईपाशी आल्या आणि पदर तोंडाशी धरून विचारू लागल्या, "फेस म्हंजे कसा फेस वं?" आजवरच्या आमच्या एकाही घोषणेने हा प्रश्न कुणाच्या तोंडी आणला नव्हता.

आणि इथे आईने आम्हाला गाठलं. ती अंगणवाडीत मदतनीस आहे. आम्ही दोघी लघवी तपासायच्या पट्टीबद्दल मोठ्या शोधाच्या थाटात बोलत होतो, तेव्हा ती म्हणाली, "ते पट्टी त आपल्या नर्सबाईपाशी हाय. पोटुशा बायाची लघवी पाहते ना ती." बरोबर! लघवीत बुडवायची, थोडा वेळ थांबायचं, प्रथिन असेल तर पिवळा रंग हिरवा होतो. उपकेंद्रात ही पट्टी आधीपासून आहे, पण फक्त गरोदर बाईसाठी. तिचं बाळंतपण झालं की तिच्यासाठीही नाही. जपानमध्ये १९७४ पासून शाळेतल्या मुलांची लघवी दरवर्षी तपासतात. हा आजार तिथे कित्येकदा असाच सापडतो, काही त्रास सुरू होण्याआधी. आमच्या शाळेतही तपासणीला डॉक्टर यायचे. दात पाहिले, डोळे पाहिले, वजन केलं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने भारतातल्या या आजाराच्या रुग्णांचा काही वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा आपल्याकडे तो जास्त वेगाने पुढे सरकतो असं दिसलं. म्हणजे जिथे लवकर शोधायची गरज जास्त, तिथेच कुणी शोधत नाही.

आजार जात पाहून होत नाही. भावाच्या आजाराला जातिव्यवस्था कारण आहे असं आम्ही म्हणणार नाही, म्हटलं तर ते यादीतल्या नावाइतकंच खोटं ठरेल. पण ती चार वर्षं? ज्या घरात नोकरीच्या ठिकाणी दरवर्षी सगळ्या तपासण्या होतात, ज्या घरातला कुणीतरी मामा डॉक्टर असतो, त्या घरातल्या मुलाची कोऱ्या चहासारखी लघवी दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत पोहोचते. आमच्या घरातली सब्जावर थांबते. जोतिराव फुल्यांच्या नावाची राज्य सरकारची आरोग्य योजना आहे, तिच्यात डायलिसिस फुकट होतं. त्याबद्दल तक्रार नाही, वस्तीतले दोघे त्यावरच जगत आहेत. पण ही योजना दवाखान्यात भरती झालेल्या माणसासाठी आहे. दर महिन्याच्या गोळ्या आणि क्रिएटिनिन आपल्या खिशातून. मूत्रपिंड वाचवायचा खर्च आपला आणि ते गेल्यानंतरचा सरकारचा, असा हा उलटा हिशेब.

एप्रिलपासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदना झाली की आम्ही विहाराच्या मागच्या खोलीत पट्ट्या घेऊन बसतो. शंभर पट्ट्यांची डबी वर्गणीतून आणली. पुरुष येतच नव्हते, म्हणून भावाला बसवलं. आता भरतीची पोरं येतात, थट्टा करत येतात, पण बाटली भरून देतात. काही जणांच्या पट्टीचा रंग बदलला. एकदा बदलला म्हणजे आजार असं नसतं, तापात किंवा खूप धावल्यावरही बदलतो, म्हणून आठ दिवसांनी पुन्हा बोलावतो. दुसऱ्यांदाही बदलला तर बी.पी. मोजून तालुक्याला पाठवतो. एक अकरावीतली मुलगी तशी गेली आहे, तिचं क्रिएटिनिन अजून चांगलं आहे.

काकांनी दोन महिने आमच्याशी बोलणं टाकलं होतं. जूनच्या रविवारी ते स्वतः आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "दे बाटली." त्यांची पट्टी पिवळीच राहिली. जाताना म्हणाले, पुढच्या निवेदनात पट्टीची मागणी टाका, पाण्याच्या खाली टाका पण टाका. आम्ही लिहून दिली : उपकेंद्रात वर्षातून एकदा प्रत्येकाची लघवी आणि बी.पी., आणि ज्याच्यात दोष निघेल त्याची मूत्रपिंडं आकसायच्या आत पुढची तपासणी. पाण्याचं खरं-खोटंही त्यातूनच बाहेर येईल, आणि ते आमच्या बाजूने येईलच असं नाही, हे काकांना सांगितलं. ते म्हणाले, "पाहू."

भावाचं क्रिएटिनिन गेल्या महिन्यात २.४ होतं. पुढची तारीख १४ तारखेला आहे.